पाय चोळायला पाच वर्षं कशाला?

वाचकाचं पत्र

ताई, माझ्या मालकांचं वय ५६. जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा बसली. बारा दिवस दवाखान्यात होते. घरी सोडताना कार्डावर ‘फिजिओ, ओटी, स्पीच’ असं लिहून दिलं. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, म्हणजे परत ऑपरेशन की काय, म्हणून आम्ही घाबरून तिकडं फिरकलोच नाही. एक फिजिओ घरी येऊन दहा दिवस करंटचं मशीन लावून गेला. फरक दिसेना म्हणून बंद केलं. आता तालमीतले एक वस्ताद तेल लावून चोळून देतात. दिरांनी तुळईला कप्पी बांधून दिली आहे, चांगल्या हातानं दोरी ओढून वाईट हात वर न्यायचा. पण खांदा इतका दुखतो की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काठी धरून घराच्या सोप्यातल्या सोप्यात चालतात. बोलणं काहीच नाही, मात्र शिव्या स्पष्ट येतात, आणि ‘चांगभलं’ही. सासूबाई म्हणतात, सोंग करतोय. आमचं गुऱ्हाळ आहे, मालक स्वतःच गुळव्या, रस आटवून गूळ उतरवणारे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल.

दुसरं असं, थोरली मुलगी बारावी झाली. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणारे नाहीत. ती म्हणते, मी फिजिओथेरपी करते. दीर म्हणतात, पाय चोळायला पाच वर्षं कशाला? काय करावं?

– एक वहिनी, करवीर तालुका


वहिनी,

बाकी सगळं नंतर. आधी तुळईची ती कप्पी सोडा. आज संध्याकाळच्या आत.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू. लकव्यात ते ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनानं चेंडू बशीतून खाली उतरतो. अशात दोरीनं हात वर खेचला की मधला मऊ भाग हाडाच्या कमानीखाली चेंगरतो. मग रात्रभर ठणका. दिरांनी मायेनं बांधून दिली, यात शंका नाही. अशा कप्प्या मी इतक्या घरांत बघितल्यात की सोप्यात पाऊल टाकलं की आधी नजर तुळईकडं जाते. उठवताना उजव्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका. बसले की हात लोंबत ठेवू नका, उशीवर नाहीतर टेबलावर टेकवा. आणि खांदा प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा, फोनवर विचारून चालणार नाही.

आता वस्ताद. कोल्हापुरात राहून वस्तादांविरुद्ध बोलणं म्हणजे गंगावेशीच्या तालमीत उभं राहून मातीला नावं ठेवण्यासारखं, आणि तसं बोलायची माझी इच्छाही नाही. मुरगळलेला घोटा, आखडलेली पाठ यात त्यांच्या हाताला गुण आहे. पण ते ज्या अंगावर काम करत आले, ते पैलवानाचं अंग. त्यात मेंदूपासून स्नायूपर्यंतची लाईन शाबूत असते. तुमच्या मालकांची मोटार जळलेली नाही, डीपीवरचा फ्यूज गेलाय. मोटारीला कितीही तेल घातलं तरी पाणी चढणार नाही. हलक्या हातानं तेल लावलं तर बरं वाटेल, लावू द्या. जोर लावून खांदा फिरवणं, बोटं ताणून सरळ करणं मात्र बंद. आणि एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागायला लागली, दुखायला लागली, तर तिला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

तुमच्या कार्डावर तीन नावं होती, तुमच्यापर्यंत पोचलं ते एक, आणि तेही अर्धंच. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो माझ्याच क्षेत्रातल्या लोकांवर आहे. दहा दिवस करंट लावून जाणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. मशीन दिसतं, त्याचा आवाज येतो, स्नायू उडताना दिसतो, म्हणून घरच्यांना पैसे दिल्याचं समाधान मिळतं. करंटला त्याची जागा आहे, पण ती लोणच्याएवढी. जेवण म्हणजे सराव. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचे भाग ते काम शिकून घेतात, आणि शिकतात ते तीच हालचाल, कामात, शेकडो वेळा केल्यानं. खुर्चीवरून उठणं आणि बसणं, उजव्या पायावर भार घेणं, उंबरा ओलांडणं, वळताना तोल सांभाळणं, हे सगळं फिजिओथेरपिस्टचं काम. चांगला फिजिओ पहिल्या दिवशी अर्धा तास अंगाला हातही लावत नाही. नुसता बघतो. मालक कसे उठतात, गुडघा मागं जातो का, पाऊल लोंबतं का, कुठली बाजू विसरतात. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट लागतो, आणि तो मापानं बनवणारा माणूस वेगळाच, प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट. जयपूर फूट सगळ्यांनी ऐकलेला असतो, तो बसवणारा हाच. बाजारातून ‘मीडियम साइज’ आणू नका.

चार महिने झाले, आता काय उपयोग, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्राच्या सुरात ते आहे. सुधारणेचा वेग पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, हे खरं. नंतर तो मंदावतो, थांबत नाही. वर्ष उलटून गेल्यावर चमचा धरायला शिकलेली माणसं मी बघितलीत.

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. घाबरल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मी स्वतः ओटी. मुंबईला शिकायला गेले तेव्हा माझ्या आत्यानं अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं की पोरगी ऑपरेशन करते. सरकारी मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, ते ऐकून लोकांना वाटतं बेकारांना धंदा लावून देणारं खातं असेल. इथं व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. अंघोळ, धोतर नेसणं, जेवण, तंबाखू मळणं, विडी ओढणं नाही म्हटलं तरी चालेल, आणि पोटापाण्याचं काम.

फिजिओ आणि ओटीत फरक काय, हे मला आयुष्यभर विचारलं गेलंय. सरळ सीमारेषा नाही, बांधावरचं गवत दोघंही कापतात. तरी ढोबळमानानं, मालक मोरीपर्यंत कसे जातील ते फिजिओ बघतो. मोरीत गेल्यावर एका हातानं अंघोळ कशी करतील, स्टूल कुठं ठेवायचं, भिंतीला दांडी किती उंचीवर ठोकायची, सदऱ्यात आधी कुठला हात घालायचा, हे ओटी बघते. (आधी लकव्याचा हात, काढताना तोच शेवटी. एवढं तर आजच करून बघा, रोजचं भांडण वाचेल.)

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक फजिती सांगते. एका म्हाताऱ्या बाईंना मी तीन आठवडे फळ्यावरची बटणं लावायला शिकवत होते, पुस्तकात तसंच होतं. एक दिवस त्या म्हणाल्या, “बाळ, मी जन्मात बटण लावलेलं नाही. लुगडं नेसते. मला भाकरी थापायला शिकव की.” फळा मी कपाटात ठेवला आणि परात मागवली. शिकायला साडेचार वर्षं लागली होती, पण ओटी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्याकडं हे शिक्षण आणलं एका बाईनं. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी लग्न करून कमलाबाई निंबकर झाल्या आणि १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणला शेतीत मोठं काम केलेले बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. म्हणजे ही विद्या आपल्याकडं पंच्याहत्तर वर्षं आहे आणि कार्डावर ओटी लिहिलं की आजही लोकांना ऑपरेशन आठवतं. चूक तुमची नाही, कार्ड हातात देऊन एक मिनिटही न बोलणाऱ्यांची आहे.

आता शिव्या. सासूबाईंना सांगा, सोंग नाही. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. उजवी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या अंगाला असते, आणि बहुतेकांची भाषा तिथंच राहते. विचार करून वाक्य जुळवायचं केंद्र दुखावतं. पण शिव्या, आकडे ओळीनं मोजणं, आरती, देवाचं नाव, ही जन्मभर घोकलेली भाषा बऱ्याचदा वाचते, कारण ती जुळवावी लागत नाही, आपसूक ओठावर येते. म्हणून ‘पाणी’ म्हणता येत नाही आणि ‘चांगभलं’ येतं. शिवी आली म्हणजे ते तुमच्यावर चिडलेत असंही नाही. ‘चहा आण’ म्हणायला गेले आणि हाताशी तेवढीच आली. बुद्धी शाबूत आहे, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ते नसल्यासारखं बोलू नका. स्पीच थेरपिस्ट अशाच वाचलेल्या तुकड्यांना धरून पुढं नेतो. गाण्याच्या चालीवर शब्द, अर्धं वाक्य सुरू करून देणं, चित्रांची पाटी, हो-नाहीची पक्की खूण. तुम्ही घरी एक करा, विचारताना ‘काय खाणार?’ असं विचारू नका, ‘भात की भाकरी?’ विचारा, दोन्ही दाखवून, आणि उत्तराला वेळ द्या. आपल्याला दहा सेकंद थांबणं फार जड जातं.

स्पीच थेरपिस्टकडं जायचं आणखी एक कारण आहे, आणि ते बोलण्याहून तातडीचं. पाणी पिताना ठसका लागतो का? पिऊन झाल्यावर आवाज घरघरतो का? मधून मधून ताप येतो का? यातलं एक जरी ‘हो’ असलं तर अन्नपाणी श्वासनलिकेत उतरत असेल, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. गिळणं तपासणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम आहे, हे शिकलेल्या घरांतही माहीत नसतं. तोपर्यंत आडवं ठेवून काही भरवू नका. ताठ बसवून, लहान घोट, हनुवटी वर करून नाही.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, जा. तिथं फिजिओथेरपीचा विभाग आहे, आणि तुमचं कार्ड दाखवून बाकी दोघांसाठी कुठं पाठवतात ते विचारा. ज्यांच्याकडं जाल त्यांचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. फिजिओ आणि ओटीची नोंद राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडं असते, स्पीचवाल्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं. सहा महिन्यांच्या कोर्सची सर्टिफिकेटं भिंतीला लावून बसलेले खूप झालेत. पण नुसत्या क्रमांकावरही जाऊ नका. दोन-तीन भेटींनंतर स्वतःला विचारा, यांनी मला काही शिकवलं का? आठवड्यातून तीन तास येणारा माणूस बरं करत नाही, उरलेल्या वेळात तुम्ही आणि मालक काय करता त्यानं फरक पडतो. जो घरच्यांना दाराबाहेर बसवून काम करतो, त्याला मी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

आता मुलगी. मला वाटतं तिनं बापाच्या उशाशी बसून जे बघितलं त्यातून हे ठरवलंय, मार्क कमी पडले म्हणून नव्हे. तसं असेल तर अडवू नका. दिरांना सांगा, पाय चोळायला पाच मिनिटंही पुरतात. पाय कधी चोळायचा नाही, ते कळायला वर्षं लागतात. पहिल्या वर्षी शवविच्छेदन असतं, एकेक स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, त्याला कुठली नस जाते. मग शरीरक्रिया, सांध्यांचं यंत्रशास्त्र, आजारांची ओळख, पुढं मेंदू, हाडं, हृदय-फुप्फुस, लहान मुलं, गावपातळीवरचं काम. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा कफ मोकळा करणारा फिजिओ असतो, भाजलेल्या बाळाचा हात आखडू नये म्हणून झटणाराही, आणि हो, खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाचा गुडघा बघणाराही. शेवटी इंटर्नशिप, पूर्ण वेळ रुग्णांत. पदवी आजवर साडेचार वर्षांची होती. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यानं या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे आणि अभ्यासक्रम बदलतोय, म्हणून हिशेब पाच वर्षांचाच धरा आणि यंदाचं माहितीपत्रक नीट वाचा. प्रवेश नीटवरूनच, राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून. तुमच्याकडं नीटचा स्कोअर आहे, म्हणजे दार उघडं आहे. फॉर्मची तारीख तेवढी चुकवू नका.

त्याच फॉर्ममध्ये आणखी नावं दिसतील, बीओटीएच, बीएएसएलपी, बीपीओ. कोल्हापूरची पोरं ती ओलांडून पुढं जातात, कारण घरात कुणी ऐकलेली नसतात. बीओटीएच म्हणजे ओटी. बीएएसएलपी म्हणजे कान आणि वाचा, चार वर्षं, त्यातलं एक इंटर्नशिपचं. बीपीओ कृत्रिम हातपाय आणि स्प्लिंटचं. फिजिओचं कॉलेज कोल्हापुरातच आहे, घरून जाता येईल, आणि या वर्षी तुमच्या घराला तिची गरज आहे, हे मी समजते. ओटीची जुनी नावाजलेली कॉलेजं मुंबई-नागपूरची. पण तिला एक विचारा, बापाला चालवताना तिला जास्त आनंद झाला की बापानं डाव्या हातानं पहिला घास खाल्ला तेव्हा? माझा कल कुठं आहे ते उघड आहे, त्यामुळं माझं ऐकून ठरवू नका. सीपीआरला मालकांना न्याल तेव्हा तिलाच सोबत न्या आणि कोपऱ्यात उभं राहून दोन तास बघू दे. एखाद्या पेशंटनं अंगावर ओकारी केली, एखाद्यानं शिवी दिली, एखादा महिनाभर जागचा हलला नाही, तरी दुसऱ्या दिवशी परत यावंसं वाटतंय का, ते तिचं तिला कळेल. पैशाचंही ऐकून घ्या. सुरुवातीचा पगार फार नसतो. खासगी दवाखान्यात पहिली दोन-तीन वर्षं घासावी लागतात, पुढं कुणी स्वतःचं काढतं, कुणी मास्टर्स करतं, कुणी परदेशी जातं आणि तिथल्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. डॉक्टरकीची हुकलेली गाडी म्हणून या डब्यात बसलेली मुलं मात्र कुढत राहतात, ते नको.

आणि मालक. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की ते गुळव्या आहेत. माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. ‘यांना काय करायचंय?’ हा प्रश्न चार महिन्यांत कुणी विचारलाय का? पूर्वीसारखं होणं एवढंच ध्येय धरलं तर माणूस वाट बघत बसतो. आपल्या शहरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. पाय परत यायची वाट बघत बसल्या असत्या तर शेकडो मुलांची शाळा राहिली असती.

गुळव्याचं कसब मनगटात कमी आणि डोळ्यात जास्त. मळी कधी काढायची, पाक कधी आला, आधण (काहिलीत उकळणारा रस) कधी उतरवायचं, हे त्यांना आजही दिसतं. सांगता येत नाही, एवढंच. तर तिघांनाही हेच एक काम सांगा. फिजिओला सांगा की घरापासून गुऱ्हाळापर्यंत, चिपाडं पसरलेल्या ओबडधोबड वाटेवरून चालायचंय, सिमेंटच्या फरशीवरून नव्हे. स्पीचवाल्याला सांगा की आधी तीनच गोष्टी हव्यात, ‘जाळ वाढवा’, ‘जाळ कमी’, ‘उतरवा’. शब्द आला तर शब्द, नाहीतर ठरलेली खूण, आणि ती चुलवाणावरच्या गड्यालाही शिकवा. ओटीला उजव्या हाताची संवेदना तपासायला सांगा. लकव्यात हात नुसता लुळा पडत नाही, बऱ्याचदा त्याला गरम-गारही कळेनासं होतं. पाण्यात बोट बुडवून पाक बघायची सवय जुनी असते, सवयीनं तोच हात पुढं जाईल आणि भाजलेलं त्यांना समजणारही नाही. पाक बघायचा तो डाव्या हातानं, त्याचा सराव आत्तापासून घरी, कोमट पाण्यावर.

हंगामाच्या पहिल्या आधणाला त्यांना नेणार असाल तर खुर्ची हाताची असलेली घ्या, प्लास्टिकची हलकी नको, उठताना सरकते. काहिलीपासून चार हात लांब, आणि अशी मांडा की काहील त्यांच्या डाव्या अंगाला येईल. उजवीकडचं त्यांना उशिरा दिसत असेल, उजवीकडची धग कळत नसेल. उजवा हात मांडीवर, झोळीत नाही, टॉवेलच्या घडीवर. मुलीला उजव्या बाजूला उभी करा. आणि आधण उतरायची वेळ आली की दिरांनी मध्ये बोलायचं नाही, दहा सेकंद थांबायचं.